घरगुती नेटवर्क प्रवेश नियमावली

३ जून
दूरसंचार नियामक कार्यालयात बावीस वर्षं कंपन्यांना सांगतोय, नेटवर्क तुमचं असलं तरी इतरांना वाजवी दरात प्रवेश द्या. कोणी ऐकत नाही. घरचे ऐकतील. १८ला सकाळी अकरा वाजता उपसंचालकपदाची मुलाखत, ऑनलाइन. सहा वर्षं या खुर्चीची वाट बघतोय. तोवर घरच्या वायफायचं नियमन करून दाखवणार. आधी केलं, मग सांगितलं.

४ जून
नियमावलीचा मसुदा (चौदा पानं) फ्रिजवर लावला. हरकती तीन प्रतींत, सात दिवसांत.

११ जून
एकही हरकत नाही. मौन म्हणजे संमती. हिला तो कागद वॉशिंग मशीनची वॉरंटी वाटला म्हणे.
उद्यापासून पासवर्ड रोज बदलणार. अर्ज आणि शुल्क भरणाऱ्यालाच मिळेल. संध्याकाळी गर्दीचा दर दुप्पट. सासूबाईंना ज्येष्ठ नागरिक सवलत.

१२ जून
अर्ज शून्य. वेग मात्र जबरदस्त. निष्कर्ष: नियमनाने वेग वाढतो. मुलाखतीत सांगणे.

१४ जून
सासूबाईंनी पेन्शनमधून स्वतःच्या खोलीत वेगळं कनेक्शन घेतलं. ही आणि कन्या तिकडे गेल्या. बाजारात स्पर्धा आली! अभिनंदनाचं पत्र आणि नियमावलीची प्रत दिली. सासूबाईंनी चष्मा लावून चौदाही पानं वाचली. माझं लिखाण पूर्ण वाचणारी घरातली पहिलीच व्यक्ती. भरून आलं.

१७ जून
आपलं कनेक्शन बंद. ते हिच्या नावावर होतं. वापरतंय कोण, असं तिचं म्हणणं. मी वापरतोय म्हटलं, तर म्हणाली, तुमचा तरी अर्ज कुठे आलाय.
चिंता नाही. कलम नऊ: नेटवर्कच्या मालकाने प्रवेश नाकारता कामा नये.

१८ जून, सकाळी १०.२०
मोबाइलवर डेटा नाही. घरी वायफाय असताना उधळपट्टी कशाला, म्हणून कधी घेतलाच नाही. रिचार्ज करायलाही नेट लागतं. सासूबाईंकडे गेलो, मुलाखतीचं सांगितलं, हातही जोडले.
"जावईबापू, माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण कलम नऊच्या खाली कलम दहा आहे. अर्ज तीन प्रतींत, मग सात दिवस हरकती."

१०.५०
अर्ज फ्रिजवर लावला.

११.००
मुलाखत सुरू झाली असावी.

११.१०
पहिली हरकत आली. कन्येची. तीन प्रतींत, माझ्याच नमुन्यात. दोनदा तपासली. एकही चूक सापडली नाही.