बिनआवाजाचं कुलूप

५ जानेवारी १९५३, सकाळी
नवी वही. आरंभी स्वहस्ते बनवलेल्या वस्तूंची नोंद, म्हणजे पुढे वाद नको. आमच्या करुणासदन आश्रमातली प्रार्थनेची बाकं. पाळकांचा स्टँड (किंचित कलतो, पण तिथली फरशीच कलती आहे). विहिरीचा रहाट. मुलींच्या खोलीचं दार. तुळसाच्या पलंगाचा कठडा. सगळं कोणाच्याही हाताखाली न शिकता. प्रभू येशूसुद्धा सुतारच होता, त्याच्याकडे तरी कुठलं सर्टिफिकेट होतं?
संकल्प : यंदा नम्रता.

१२ जानेवारी
मुंबईच्या कमिटीचा हुकूम आला. अनाथ मुली आणि तुळसासारख्या निराधार बायका, यांच्या रक्षणाची चोख व्यवस्था पाहिजे. मेट्रन कलावतीबाई म्हणाल्या, आधी मुलींनाच विचारू या, त्यांना भीती कशाची वाटते. म्हटलं, बाई, कुलूप करणार मी आणि विचारायचं पोरींना? मॅनेजर अण्णा मोठ्याने हसले. म्हणाले, मिस्त्री, लागा कामाला. असा वरिष्ठ हवा.

१९ जानेवारी
कुलूप तयार! पितळी जीभ, आत पाच लिव्हर, सगळे कानशीने घासलेले. किल्ली फिरवली तर कान लावूनही ऐकू येत नाही. जुनी लोखंडी कडी बैलगाडीसारखी खडखडायची. भंगारात टाकली. बिजागऱ्यांना एरंडेल.
किल्ली एकच. कलावतीबाई दुसरी मागत होत्या. म्हटलं, दोन किल्ल्या करायच्या तर कुलूप कशाला, पडदा लावा. किल्ली अण्णांकडे दिली. संध्याकाळी तेच बाहेरून लावणार, पहाटे तेच उघडणार. जबाबदार माणूस. उपासनेत सर्वांत वरच्या पट्टीत गातात.
कल्याणच्या बाजारात लोखंडवाल्या शेठला नमुना दाखवला. दीडशे रुपयांची ऑफर. नाकारली. कला विकाऊ नाही.

२ फेब्रुवारी
मालन आली होती. दहा वर्षांची, पोरींची पुढारी. म्हणते, मिस्त्रीकाका, कुलपाला थोडा आवाज ठेवा ना. मी गार! म्हणे, जुनी कडी वाजली की अण्णा आले हे कळायचं, मग आम्ही पटकन तुळसाची ओली गोधडी लपवायचो. आता डोळे उघडतो तर अण्णा छडी घेऊन उशाशी उभे.
(तुळसा तिशीची आहे, पण समज चार वर्षांच्या पोरीची. तिचं अंथरूण ओलं होतं, त्याला ती काय करणार?)
म्हटलं, अगं, छडी हा माझा विषय नाही, माझा विषय कुलूप. तर म्हणते, मी तेच म्हणतेय. हल्ली पोरी फार उलट बोलतात.
एक मात्र सिद्ध झालं. अण्णा उशाशी येईपर्यंत कोणाला चाहूल लागत नाही. काम फर्स्टक्लास.

११ फेब्रुवारी
घातपात! बिजागऱ्यांत चुलीतली राख. दार उघडताना कर्रर्र वाजतं. अण्णांना ताबडतोब रिपोर्ट केला. कोणाचंही नाव घेतलं नाही, चुगली माझ्या स्वभावात नाही. मालनच्या नखांत राख दिसली, एवढंच सांगितलं.

१२ फेब्रुवारी
मालन जेवायला नव्हती. बायजाने माझं ताट आपटलं. ही आमची स्वयंपाकीण, आंबिवली गावातली, तोंडाने फटकळ. म्हणाली, मिस्तरी, कुलुप ब्येस हाय तुमचा, पन चावी कोनाचे कंबरंला हाय ती बगा की जरा. म्हटलं, तू डाळीत मीठ बघ. डाळीत मीठ नव्हतंच. मुद्दाम.
राख साफ केली. पुन्हा एरंडेल.
संकल्प : अडाणी माणसांशी वाद बंद.

२० फेब्रुवारी
मालन पुन्हा हजर. मागे सगळं लेंढार, तिच्या हाताला फडकं बांधलेलं. म्हणे, काका, आवाज नको तर नको. दाराला आतून एक कडी लावून द्या. फुकट नको, आम्ही पैसे देतो. आणि रुमालाची गाठ पुढे केली. नाताळात मिळालेली चिल्लर.
मला भरून आलं. माझ्या कामाची किंमत पोरांनाही कळते! पण मुलांकडून पैसे घेणं तत्त्वात बसत नाही. गाठ सोडूनसुद्धा पाहिली नाही. शिवाय आतून कडी लागली तर किल्ली असूनही दार उघडणार नाही. मग कुलपाला अर्थ काय राहिला? नीट समजावून परत पाठवलं.
तुळसा जाईना. माझ्या हातोडीकडे बोट दाखवून कडी, कडी करत बसली. गूळ दिला. घेतला नाही.

४ मार्च
तुळसाचा हात मोडला. अण्णा म्हणतात, झोपेत पलंगावरून पडली.
माझ्या कठड्यावरून? जाऊन तपासला. एक सांधा हललेला नाही. अण्णांना स्पष्ट सांगितलं, हे अशक्य आहे. ते म्हणाले, मिस्त्री, कठडा कच्चा होता एवढं म्हणून टाका की, तुमचं काय जातंय? माझं काय जातंय! सहन करायलाही मर्यादा असते. कमिटीपुढे बोलणार.

९ मार्च
कलावतीबाईंच्या तक्रारीवरून कमिटी आली. मी कठड्याची बाजू मांडली. स्वतः पलंगावर आडवा झालो, चारी अंगांनी लोळून दाखवलं. पडलो नाही. मुख्य साहेब म्हणाले, ठीक, मग हात मोडला कसा? मग मालन बोलली. बराच वेळ बोलली. मी अजून पलंगावरच होतो. उतरावं कसं, कळेना.
शेवटी साहेबांनी विचारलं, हे बिनआवाजाचं कुलूप कोणाचं? लगेच उभा राहिलो. म्हटलं, माझं.


१६ मार्च
अण्णांचा निरोपसमारंभ. कारण तब्येत. पोलिसांत जायचं नाही, संस्थेचं नाव आहे. हार घातला, गाणं झालं. या खेपेला अण्णा खालच्या पट्टीत. कलावतीबाई आत आल्याच नाहीत. साहेब म्हणाले, अण्णांचा अनुभव दुसऱ्या संस्थेला उपयोगी पडेल.
कुलूप उचकटलं. बायजाच्या नवऱ्याने दाराला आतून कडी ठोकली. तिरकी. खिळे वाकडे. लावली की विहिरीपर्यंत ऐकू येते. याला काम म्हणायचं?

२२ मार्च
तुळसाचा हात प्लास्टरमध्ये. उरलेल्या हाताने दिवसभर कडी लावते, काढते, लावते.
कठड्याला एक स्क्रू मारायचा होता, म्हणून गेलो. दार वाजवलं. आतून मालनने विचारलं, कोण? म्हटलं, मिस्त्रीकाका. कडी निघाली नाही. स्क्रू खिशात घालून परत आलो.
शेठच्या दीडशे रुपयांचं मागे लिहिलंय ते खोडतो. शेठ नुसता हसला होता. मी नाकारलेली ऑफर आयुष्यात एकच. मालनच्या रुमालात किती होते ते आज बायजाने सांगितलं. नोंद करून ठेवतो.
दाराला आतून एक कडी लावून देणे. सात आणे.