डाव्या खांद्याची दुनळी

प्रिय ऑरिन,

ज्या भावाचा इतका राग आलाय त्याला प्रिय म्हणू नये हे मला कळतं, पण पत्राला सुरुवात तर हवी. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या गॅरेजमधून बाबांची दुनळी बंदूक गोधडीत गुंडाळून उचलून आणली, तेव्हापासून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. झोंबू देत.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या उजव्या डोळ्यापुढे कायमचा अंधार झाला, तेव्हा तूच म्हणालास, “त्यात काय, डाव्या खांद्यावरून मारतील. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता थोडा डावीकडे वाकवला की झालं. दोन रविवारचं काम.” गरम तेल, घट्ट पकड आणि धीर, एवढंच लागतं, हे मला शिकवलंसही तूच. मग घोडं कुठे अडलं? आधी वार्निश उतरवायचं ठरलं. मग नळ्यांना नवा रंग. मग जुनं लाकूडच तुला पटेना, नवं अक्रोडाचं मागवलंस आणि त्यावर आपण शिकार करतो त्या फेझंट पक्ष्याची पिसं कोरत बसलास. चर्चहून परतताना बाबा विचारायचे, “ऑरिनचं कुठवर आलं गं?” आणि मी तुझी बाजू सावरायची, “होतंय हो, घाई केली तर लाकूड तडकतं.” लाज वाटायची मला ते बोलताना.

ऑगस्टमध्ये मी लेफ्से, आपल्या बटाट्याच्या पोळ्या, भाजून घेऊन आले, तेव्हा तू मोठ्या तोऱ्यात बंदुकीवरचं फडकं बाजूला केलंस. देखणी होती, खोटं कशाला बोलू? पण मी ती डाव्या खांद्याला लावली तर नळी डोळ्यासमोर येईचना. दस्ता उजवीकडे झुकलेला! इतके महिने माप घेताना तू ती स्वतःच्या खांद्याला लावून बघत होतास, गाढवा. बाबांना एकदाही बोलावलं नाहीस. आणि वर मलाच सांगतोस, “दुसरं लाकूड मागवतो, पुढच्या शिकारीच्या हंगामापर्यंत होईल.” सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही. आता ऐक, बाबांनी शपथ घातली होती म्हणून तेव्हा बोलले नाही. दुसराही डोळा चाललाय. नजर जेमतेम वसंतापर्यंत टिकेल, एवढीच आशा डॉक्टरांनी दिली आहे. पुढचा हंगाम बाबांना नाही.

म्हणून तुझ्या जळणाच्या पेटीतला जुना दस्ताही मी उचलला. कोठारात जवसाचं तेल तापवलं, तो डावीकडे वाकवला आणि तुझा नवा काढून बंदुकीला तोच बसवला. तुला बघवणार नाही, एका बाजूने काळा पडलाय. रिकामी बंदूक बाबांनी स्वयंपाकघरात गालाला लावली, खिडकीतून पवनचक्कीवर नेम धरला, बराच वेळ. “बसतोय,” एवढंच म्हणाले, आणि रात्री दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तुझ्या पिसांबद्दल त्यांना काहीच माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

शनिवारी दुपारी हंगाम सुरू होतोय. मका कापलेल्या शेतातून नेहमीसारखं रांगेने चालायचं. बाबांना उजवीकडचं दिसत नाही, तेव्हा त्या अंगाला घरचं कोणीतरी हवं, पक्षी उठला की हाक द्यायला, आणि कोणी नळीच्या टप्प्यात आलं तर थांबवायला. मी चालते म्हटलं. म्हणाले, “ती जागा ऑरिनची. रुसलाय, पण येईल.” शेजाऱ्यालाही त्यांनी नको म्हटलं. म्हणून हे पत्र. बंदूक नेल्याबद्दल मी माफी मागणार नाही, आणि तुझी माफीही मला नको. फक्त ये. नाही आलास तर तुझे जुने बूट घालून, आवाज ओळखू येऊ नये म्हणून हाकेऐवजी शिट्टी घालत, त्या अंगाला मी चालेन. उजवीकडे कोण आहे हे बाबांना दिसणार नाही. पण तू नाहीस, हे कळेल.

तुझीच, राग अजून न गेलेली,
व्हर्ना