किरणं अंगात राहत नाहीत

६ जाने.
फाईल उघडली, नाव वाचलं, चहा तसाच राहिला. कळंबची. माझी सासू. माजी. डाव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय, आता किरणं द्यायची. दुसऱ्या फिजिसिस्टवर ढकलावं, तर किरणांचा हिशोब मांडणारी अख्ख्या दवाखान्यात मी एकटीच.
स्कॅनला आली. मला बघून तोंड फिरवलं. "तू हितंच का गं अजून?"
इथंच. जाणार कुठे!
टेक्नॉलॉजिस्ट रुबीनाने विचारलं, ओळखीच्या का मॅडम? म्हटलं, नाही.

८ जाने.
सकाळपासून डोकं तडतडतंय. तीन वर्षं नांदले त्या घरात. "किरणांत काम करते, गर्भ जळलाय हिचा." गावभर हिनेच केलं. माझं ताटसुद्धा वेगळं. एकदा कामावरचा किरणं मोजायचा बिल्ला चुकून ड्रेसवर तसाच घरी आला, तर चिमट्यानं उचलून उकिरड्यावर. अगं बाई, तो नुसता मोजतो! सचिन, माझा नवरा, मुकाट बघत होता. पुढे मला सोडून दुसरी केली.

१० जाने.
किरणं कुठून, किती द्यायची त्याचा प्लॅन. डावी बाजू, म्हणजे खाली हृदय. हिला ते आहे, हे स्क्रीनवर बघूनच पटलं. पहिल्या प्लॅनमध्ये हृदयाला किरणं जरा जास्त जात होती. नियमात बसत होतं, डॉक्टरांनी सही केली असती. पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा. प्रेमाने नाही हं. ठणठणीत बरी करणार हिला. माझ्या हातून बरी झाली, हे जन्मभर टोचू दे.

१३ जाने.
सुरू. टेबलावर घाबरली, माझी ओढणी धरली. सोडवून घेतली. "हलू नका." अहो-जाहो करते मी. तेच जास्त लागतं तिला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२२ जाने.
आज स्वतःहून बोलली. "वैशाली, नवी सून नातवाला माज्याजवळ येऊ देत नाय गं. ताट पडवीत ठेवत्यात. माजी किरणं लागतील म्हनं."
फेडलंस रे देवा! हसले मी, तिच्या तोंडावर.
"तू सांग ना सचिनला. तू त्यातली हायस."
तुम्हीच सांगा की.
"कसं सांगू? मीच तर शिकवलं त्यांना."

२९ जाने.
अट घातली. कळंबला चारचौघांत म्हणा, वैशालीबद्दल बोलले ते खोटं. मग सांगते सचिनला.
पदर सारखा केला तिनं. मग, "खोटं हाय ते मला तवाबी ठाऊक व्हतं. डॉक्टरीणबाईला इचारलं व्हतं मी. मला नोकरीवाली सून नको व्हती."
इतकं सरळ! मी इतकी वर्षं समजत होते, अडाणी आहे, भीतीपोटी बोलली. मनातल्या मनात अर्धी माफी देऊन बसले होते. घेतली परत.
"पर चारचौघांत नाय बोलनार. मेली तरी नाय."
मग राहा पडवीत.

३ फेब्रु.
शेवटचा दिवस. कातडी थोडी काळवंडलीय, बाकी उत्तम. काम चोख झालंय माझं.
न्यायला सचिन आला, पोराला घेऊन. असेल तीनेक वर्षांचं. "आजी!" करून धावलं. यानं दंड धरून मागे ओढलं. म्हातारीचे हात तसेच पुढे राहिले. माझ्याकडे बघितलं तिनं.
"मॅडम," सचिन म्हणाला. मॅडम! "पोराला किती दिवस लांब ठेवायचं?"
एकही नाही. मशीन बंद झालं की किरणं संपली, अंगात काही राहत नाही. रोज सांगते पेशंटना, पाठ आहे. तोंड उघडलंही. आणि म्हटलं, "थांबा जरा, कागद तयार करते."
आत येऊन हे लिहितेय. दाराच्या काचेतून दिसतायत. बाकाच्या या टोकाला म्हातारी, त्या टोकाला पोरगं, मध्ये सचिन. कागद केव्हाच तयार झालेत.
बसू दे अजून.