माझं पातळ रक्त

३ जानेवारी
मेडिकल कॉलेजच्या प्रयोगात नाव दिलं. माशाच्या तेलानं रक्तातल्या प्लेटलेट्सचा चिकटपणा कमी होतो का, ते बघणार. तीन महिने कॅप्सूल. निम्म्यांना माशाचं तेल, निम्म्यांना साधं. कुणाला काय, ते डॉक्टरबाईंनाही ठाऊक नाही. वडील माझ्याच वयात हृदयात गुठळी होऊन गेले, म्हणून जरा जास्त उत्साह. सोबतीला बायकोनंही नाव दिलं. तिला साधंच मिळालंय. चेहऱ्यावरून कळतं.

९ जानेवारी
रक्त सळसळतंय. जिना चढताना धाप लागली, पण मोकळी.

१७ जानेवारी
बायकोला माशाचे ढेकर. पचन सांभाळ म्हटलं. मला एकही नाही. माझं शरीर थेंबही वाया घालवत नाही.

२ फेब्रुवारी
सकाळचं फिरणं बंद. रक्त आपणहून फिरत असताना मी कशाला? जेवणानंतर एक सिगारेट. फक्त एक.

११ फेब्रुवारी
भाजी चिरताना बायकोचं बोट कापलं. रक्त थांबता थांबेना. अशक्तपणा, दुसरं काय. मला दाढी करताना कापलं, लगेच थांबलं. कुठे पातळ राहायचं आणि कुठे घट्ट, हे माझ्या रक्ताला बरोबर कळतं.

६ मार्च
ऑफिसात सगळ्यांना प्लेटलेट्स समजावल्या. कॅशियर म्हणाला, साहेब, बोलताना छाती का चोळताय? मत्सर. सिगारेट आता चहाबरोबरही.

१९ मार्च
जिन्यात छातीवर दडपण. नव्या रक्ताला जुन्या नळ्या अरुंद पडत असणार. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. म्हटलं, पुढच्या महिन्यात तपासणीला जातोच आहोत.

५ एप्रिल, सकाळ
निकाल. माशाचं तेल बायकोला होतं. तिच्या प्लेटलेट्स शहाण्यासारख्या सुट्या झाल्यात. मला सूर्यफुलाचं. माझ्या आधीपेक्षाही चिकट. मी यंत्र जुनं असल्याची शंका काढली. डॉक्टरबाईंनी सिगारेटचं विचारलं. क्वचित, म्हटलं. छातीत दुखतं का? छे.
बायको शांतपणे म्हणाली, "त्यांना नका विचारू, मला विचारा. पंधरा दिवस जिन्यात थांबत थांबत चढतायत."

दुपार
ईसीजी काढला. घरी सोडलं नाही. कॉटवर आहे. नर्सनं रक्त पातळ करायची गोळी दिली. विचारलं, ही खरी आहे ना?
"गिळा," म्हणाली.