हजेरीची वही

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाची विधवा आणि तिथलीच माजी संचालक, पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ऐकू कमी येते, समजते सगळे.

१. राहते घर मुलाला. गच्चीची गळती आधी काढावी, मग मला नावे ठेवावीत.

२. शिवणयंत्र मुलीला. ते मध्येच अडते. हिसके देऊ नयेत, समजुतीने चालते.

३. कंपनीतील माझे शेअर. यावरून वाद होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

नियमाला एक बाई हवी होती म्हणून यजमानांनी मला बोर्डावर घेतले. "तुला काय, सहीपुरतं," म्हणाले. सभेच्या हजेरीची वही ड्रायव्हरबरोबर घरी यायची. मी हात पुसून सही करायची. अशाच एका पानावर लिहिले होते, की पत्रा कापणाऱ्या मोठ्या प्रेसला संरक्षक जाळी बसवलेली सर्व संचालकांनी समक्ष पाहिली. जाळी बसलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात प्रेस चालवणाऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मी तेव्हा घरी होते. कागदावर प्रेसपाशी उभी होते.

त्यानंतर वही घरी येऊ दिली नाही. प्रत्येक सभेआधी शेडमधून फिरले. मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावले. दीरांनी मला 'मास्तरीण' नाव ठेवले, पण पुढे तेही कागद वाचून येऊ लागले. आणखी दोघी बोर्डावर आल्या तेव्हा काम सोपे झाले. एकटीने विचारले की कटकट होते, तिघींनी विचारले की विषय होतो.

गेल्या वर्षी मी बोर्डावरून उठले, माझ्या जागी सून बसली. पहिल्याच महिन्यात मुलाने वही तिच्याकडे घरी पाठवली. तिने सही न करता परत केली. तेव्हापासून तिला बोर्डावरून काढायचे चालले आहे. माझ्या शेअरच्या मतांशिवाय ते होत नाही. म्हणून सर्व शेअर सुनेला. मुलाने मनाला लावून घेऊ नये. तो बापावर गेला आहे, इतकेच.

४. अंगणातली खोली प्रेस चालवणाऱ्याला द्यायची होती. त्याला साक्षीदारही करायचे होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये, एक काय ते ठरवा. मी त्यालाच विचारले. तो म्हणाला, "खोली राहू दे, बाई. त्या दिवशी तुम्ही नव्हतात. आज मी समोर बसतो."

हे मला मोठ्याने वाचून दाखवले. दोन्ही साक्षीदार याच खोलीत हजर आहेत. त्यांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना.

स्थळ : राहत्या घरातील पुढची खोली
दिनांक : ११ नोव्हेंबर, सकाळी दहा

सही

साक्षीदार :
१. घरचे डॉक्टर
२. प्रेस चालवणारा (सही डाव्या हाताने)