नाकवाली गौर

१५ जानेवारी, रोहा
पनवेलच्या डॉक्टरकडे जाऊन आले. एकटीच. नवऱ्याला सांगितलं, दात दाखवायचाय. डॉक्टरने बाजूने फोटो काढला, कॉम्प्युटरवर लावला आणि नाकाच्या दांडीवरचा उंचवटा पुसून टाकला. डास मारायला लागतो तेवढा वेळ. मग विचारलं, टोक एवढं वर हवं, की एवढं? माहेरी जोह्याला व्यापारी अल्बम चाळून गणपती बुक करतात, तशी मी नाक बुक करून आले.
सत्तेचाळिसाव्या वर्षी! आता कोण बघायला येणार आहे? प्रश्न मीच विचारून टाकला. बाकीच्यांचे श्रम वाचले.

१८ जाने.
नवऱ्याला खरं सांगितलं. पेपर खाली न घेता, "मला काही त्रास नाही त्या नाकाचा." जसं काही त्याच्याच तोंडावर आहे. मग पेपर खाली आला.
"अप्पांना सांगितलंस?"
वडिलांना नाही सांगितलं.

२ फेब्रुवारी
झोपेचा पत्ता नाही. अप्पांना काय सांगायचं याची मनात उजळणी. बाकी जगाला सांगणं सोपं आहे.
एकोणिसाव्या वर्षी पेणचं स्थळ आलं होतं. पोहे संपवून गेले आणि निरोप आला, मुलगी हुशार आहे, फक्त नाक जरा... पुढचं वाक्य सभ्यपणे गिळलेलं. त्या संध्याकाळी अप्पांनी मला मूर्तींच्या कारखान्यात पाटावर बसवलं, शाडूची माती घेतली आणि माझं तोंड केलं. नाकाच्या बाकासकट. गौरीचा मुखवटा. "बघतो, कोण नाय म्हनतो." कुणीच नाही म्हटलं नाही. आजही गिऱ्हाईक येऊन "ती नाकवाली द्या" म्हणतं. साचा तोच. भाद्रपदात घरोघर मला हळदकुंकू लागतं. उरलेले अकरा महिने मी आणि आरसा.
अप्पांना वाटतं त्यांनी माझा प्रश्न त्या दिवशी सोडवला. मला देवी व्हायचं होतं की नुसती बऱ्या नाकाची बाई, हे कुणी विचारलंच नाही.

९ फेब्रु., जोहे
पेणहून एसटी. कारखान्यात नंदूचे पीओपीचे गणपती छपरापर्यंत. धाकटा भाऊ असला तरी धंदा आता त्याचाच. अप्पा कोपऱ्यात, शाडूशी. हात थरथरतो, म्हणून आता फक्त मुखवटे करतात.
सांगितलं.
नंदू म्हणाला, "ताई, नाक दुरुस्तीला पनवेल कशाला? रोज धा जोडतो मी."
अप्पा हात न थांबवता, "काय वाईट हाय त्या नाकात?"
"काही नाही. मला नकोय."
"मग साचा फोडू?"
"तुमचा साचा. तुम्ही बघा."
हे कसं बोलून गेले! अप्पांनी मातीच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि आत गेले. माझा चहा तसाच. त्यांचाही.

२१ फेब्रु.
कंपनीत रजेचं कारण दिलं, नाकाचं हाड वाढलंय. हाड जाहीर केल्यापासून जो तो वैद्य. मॅनेजरने योगासन सांगितलं, वॉचमनने विडीचा धूर. सुकी मासळी घेऊन येणाऱ्या रखमाकाकूने ओटीवर टोपली टेकून तोंड निरखलं. "हाड कुटं वाडलंय गो? जल्मापासून तेवडंच हाय."
हिच्याशी खोटं बोलणं परवडत नाही. वाटा देताना सुकट कमी घालते.

११ मार्च, पनवेल
उद्या. रक्त तपासलं, ईसीजी काढला, कागदावर सही केली. नवरा खाटेशेजारी बसून केळं खातोय. म्हणाला, "अजून उठून जाऊ शकतो आपण." आपण! त्याचं नाक सरळ आहे, त्याला जायचंय कुठे?
अप्पांचा फोन नाही.

१३ मार्च
नाक बंद. तोंडाने श्वास. घशाचं वाळवंट. डोळ्यांखाली काळंनिळं, कुणी धरून बदडल्यासारखं. नवरा नर्ससमोर उगाच कावराबावरा होतो.

१४ मार्च, रोहा
नंदूचा फोन. "ताई, नाकावर काय लावलंय?"
"प्लास्टर."
"म्हंजे पीओपी? अप्पा म्हनतील, तू पन बाटलीस!"
हसले, आणि हसण्याने डोळ्यांत पाणी. नाक ठणकलं म्हणूनच.
"अप्पा?"
"कारखान्यात हायत."
"काही म्हणाले?"
"आज पानी जास्त आलं म्हनाले. नळाला."

१९ मार्च
प्लास्टर काढलं. आरशात बटाटा. कॉम्प्युटरवरची ती बाई कुठे गेली विचारलं. डॉक्टर हसले. "सूज आहे. खरं नाक दिसायला वर्ष लागेल." हे आधीही सांगितलं होतं म्हणे. मी ऐकलं नसणार. मला पुसलेला उंचवटाच दिसत होता.
शिंकायचं नाही, शिंकरायचं नाही. शेजारी मिरचीची फोडणी पडली तशी मागच्या अंगणात पळाले. तेव्हापासून नवरा बिनफोडणीचं वरण करतोय. तक्रार नाही. माणूस चांगला आहे, हे लिहून ठेवते. नंतर विसरायला होतं.

८ एप्रिल
कामावर रुजू. टाइम ऑफिसातल्या शिंदेबाई पाहत राहिल्या. "बारीक झालीस का गं?" दुसरीने केस कापलेस का विचारलं. तिसऱ्याने काहीच नाही.
म्हणजे तीस वर्षं ज्या डोंगराखाली मी राहिले, तो बाकीच्यांना दिसतच नव्हता? मग पोह्यांना आलेले ते लोक एवढे तीक्ष्ण नजरेचे कसे?
मी विनोदी सदर लिहिते त्या साप्ताहिकाचे संपादक म्हणतात, यावर झकास लेख होईल. गावातल्या प्रत्येकाची मी टोपी उडवली आहे, तेव्हा मागणी रास्त. कागद पुढे घेतला. एक ओळ सुचेना.

१६ जुलै
नंदू सांगतो, मुखवट्यांच्या ऑर्डरी आल्यात. अप्पा बाकीचे साचे काढतात, नाकवाली नाही. "गिऱ्हाइकाला म्हनतात, औंदा नाय."
"साचा फोडला का रे?"
"माळ्यावर तर नाय दिसला. इचारायची हिंमत तू कर."
मी नाही करत. नको म्हणून मीच टाकलेली वस्तू. आणि दिवसभर एकच, फोडला असेल का? कसा फोडला असेल, हातोडीने? की नुसता हातातून सोडला? त्या हाताने काही सोडायची गरजच नसते, आपोआपच...

१० सप्टेंबर
घरी गौर आली. मुखवटा आमचा जुनाच, लग्नानंतर अप्पांनीच दिलेला. साडी नेसवली, नथ अडकवली. तिला शोभते. मी शेजारी उभी. बायका एकदा तिच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि नैवेद्य किती छान म्हणतात. शेवटी रखमाकाकूच.
"तुजं नाक हिच्याकडंच र्‍हायलं गो! जपून ठेव, कंदी लागंल."
सगळ्या मोकळ्या होऊन हसल्या. मीही. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच पातेलं घासत बसले. घासलेलंच होतं.

१५ सप्टेंबर, जोहे
गौरीगणपतींचं विसर्जन झालं. कारखाना रिकामा, हाक मारली तर घुमते. न कळवता आले. अप्पा कोपऱ्यात. वर न बघता, "उजेडात ये."
दारात बसले. त्यांनी हनुवटी धरून तोंड डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, मुखवटा पारखतात तसं. मग अंगठा दांडीवरून खाली. डॉक्टरने दाबू नका म्हटलंय. अंगठा थरथरत होता, तरी रेघ सरळ गेली.
"सूज हाय अजून."
"वर्ष लागतं म्हणाले."
"लागनारच. वल्यात काय कळतं? वाळू दे."
"साचा?"
हनुवटीने कोपरा दाखवला. पाटावर ओल्या फडक्याखाली गोळा, तोंडाएवढा. नंदू दारातून म्हणाला, "तू फेब्रुवारीत आलीस ना, तवापासनं रोज पानी मारतात त्याला. कुनाला हात लावू देत नाय."
मी फडक्याचं टोक धरलं.
"राहू दे," अप्पा म्हणाले. "मार्चात ये. तवा 'पाटावर बसव' म्हन." मग स्वतःच्या हाताकडे बघत, "तवर हा र्‍हायला पायजे." मला म्हणाले की हाताला, कळलं नाही.
खाली काय आहे? ती, मी, की नुसती माती?
एसटीची वेळ झाली होती. तांब्या तिथेच होता. आजचं पाणी मी मारलं. फडकं न उचलता.