उजव्या पानावरचं वाक्य

डब्लिन, ओहायो
बुधवार

प्रिय सावनी,

शनिवारचा तुझा कार्यक्रम अडकला म्हणून तू काळजीत असशील आणि मी मात्र कागदावर पत्र लिहीत बसलेय. फोनवर टाइप केलं असतं तर अर्धं पुसून टाकलं असतं, म्हणून पेन घेतलं. शिवाय सोबत एक वस्तूही पाठवायची आहे. तिच्याबद्दल शेवटी सांगते. आधी मनातलं भडाभडा बोलू दे.

इथे अजून थंडी आहे. गिरीश ऑफिसला आणि इला शाळेला गेली की मी वर्क परमिटच्या उत्तराची वाट बघत कपड्यांच्या घड्या घालते. तुझ्याच वर्गातली इंजिनिअर मी, शेवटच्या वर्षाला तुझ्याहून चार मार्क जास्त मिळवलेली. ते चार मार्क मला अजून आठवतात, यावरून काय ते ओळख. तू सनीव्हेलला चिप डिझाइन करतेस आणि सुट्टीच्या दिवशी स्टेजवरून जपानी अ‍ॅनिमेवर बोलतेस. मला तुझा हेवा वाटतो. गोड, कौतुकाचा वगैरे नाही, अगदी जळफळाट होतो. तुझा फोटो आला की मी आधी बदाम पाठवते आणि मग फोन उलटा ठेवते.

मागच्या महिन्यात इलाने टॅबलेट माझ्यापुढे धरला. "आई, लुक, सावनी मावशी इज सो फेमस!" तुझं भाषण होतं, हरेम इसेकाई, म्हणजे दुसऱ्या जगात पोचलेला एक मुलगा आणि त्याच्याभोवती मुलीच मुली, हे कुठून आलं आणि कसं फोफावलं यावर. पोळ्या करता करता मी सगळं ऐकलं आणि तीन पोळ्या करपवल्या. सांगितलंस मात्र छान. पूर्वीच्या मांगा चित्रकथांत शाळकरी मुली दुसऱ्या जगात जाऊन पडायच्या, तिथले राजपुत्र त्यांच्यावर भाळायचे, आणि बऱ्याच जणी शेवटी घरी परतायच्या. नव्वदीत एका साध्यासुध्या मुलाभोवती घरभर मुली जमवणाऱ्या विनोदी मालिका निघाल्या. पुढे कोणालाही इंटरनेटवर फुकट कादंबरी टाकायची सोय झाली आणि दोन्हींचं एकत्र कडबोळं झालं. कंटाळलेला मुलगा ट्रकखाली येतो, जादूच्या जगात जन्म घेतो, सगळ्यांत ताकदवान होतो, पाच-सहा जणी त्याच्यावर जीव टाकतात, आणि परत जायचं तो नावच काढत नाही. त्याची पुस्तकं, मग मांगा, मग अ‍ॅनिमे. इतका पूर आला की एका कथास्पर्धेने दुसऱ्या जगाच्या गोष्टी चालणार नाहीत असा नियमच केला. 'परत जायचं नावच काढत नाही' म्हणून तू थांबलीस आणि समोरचे सगळे देशी हसले. मीही हसले.

मग ते वाक्य आलं. "या कथांमधली खरी जादू तलवारीत नाही. इतक्या मुली एकमेकींवर जळत नाहीत, ही खरी जादू." हॉल दणाणला. मी मात्र लाटणं खाली ठेवलं, कारण ते वाक्य माझं होतं. आपल्या वहीतलं.

आठवते ना वही? पुण्याचं हॉस्टेल, दोघींत एक लॅपटॉप, एक इअरफोन. शेजारच्या खोलीतली नीलांबरी जरा आवाज झाला की भिंत ठोकायची, म्हणून आपण बोलायचं सोडून लिहायला लागलो. डावं पान माझं, उजवं तुझं. मी डावीकडे शेरा मारायचे, तू समोर उत्तर द्यायचीस. कितव्या भागात कोणती मुलगी नायकाला पटली, याचा तक्ता आपण सेमिस्टरच्या अभ्यासापेक्षा मन लावून ठेवला. हॉस्टेल सोडताना वही माझ्याकडे राहिली, आणि लग्नानंतर माहेरी.

मग तुला सॅन होजेच्या मोठ्या अ‍ॅनिमे कन्व्हेन्शनमध्ये तेच भाषण करायचं बोलावणं आलं. प्रकाशक ऐकायला येणार, जमलं तर पुस्तक करणार. तुझा फोन आला तेव्हा मी "वॉव, काँग्रॅट्स यार!" म्हटलं आणि नंतर सिंकमधली भांडी आपटली. दोन आठवड्यांनी तुझा दुसरा फोन आला. हे विचार चोरलेले आहेत, असा कोणीतरी निनावी ईमेल केलाय, समितीने कार्यक्रम थांबवलाय, शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. तू रडत होतीस. मी म्हटलं, लोक जळतात गं, लक्ष नको देऊस. तू म्हणालीस, तू आहेस म्हणून बरं वाटतं.

या रविवारी भारतातून बाबा आले. बॅगेत भाजणी, मेतकूट आणि मी तीनतीनदा बजावून मागवलेली वही. "ही रद्दी एवढ्या लांब कशाला हवी होती?" असं ते विचारत होते आणि मी उभ्या उभ्या पानं उलटत होते. सापडलं. डावीकडे माझं अक्षर: 'या सगळ्या एकमेकींशी इतक्या गोड कशा वागतात?' उजवीकडे तुझं तिरकं अक्षर आणि तेच वाक्य, शब्दन् शब्द. त्याच्याखाली, तुझ्या पानात घुसून, मी लिहिलंय: 'भारी! हे मी चोरणार हं.' मी खरंच चोरलं, सावनी, आणि चोरलंय हेही विसरून गेले.

तो ईमेल मी केला होता. वही मागवली ती पुरावा म्हणून. आज सकाळी समितीला माझ्या नावाने कळवलं, की तक्रार मीच केली होती आणि ती खोटी आहे. दोन्ही पानांचा फोटोही जोडला. तुझा शनिवार तुला परत दिल्याचं त्यांचं उत्तर आलंय, तुलाही ते कळवतील. पण ईमेल कोणी केला हे तुला त्यांच्याकडून नाही, माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र. वही आजच्याच कुरियरने सोबत पाठवतेय, ती तुझ्याकडेच ठेव. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते. आणि खोटं कशाला बोलू, हे लिहितानाही मला तुझा हेवा वाटतोय. न जळणाऱ्या मैत्रिणी त्या दुसऱ्या जगात मिळतात, तूच म्हणालीस. या जगात तुझ्या वाट्याला मी आले. शनिवारी इलाला घेऊन लाइव्ह बघेन. त्या वाक्याला टाळ्या पडतील तेव्हा त्यात माझीही असेल, तू ती घेतलीस तर.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
चैत्राली